टेनेसीच्या सड्यावरचे फूल

होमिओपॅथीच्या औषधांत ‘एकिनेशिया’ नावाचे एक औषध आहे. आपल्याकडे पणजी-म्हापसा-मडगावातल्या दुकानांतही ते मिळते. गळू झाले, जखम चिघळली की काही डॉक्टर ते देतात. बाटली घरी आणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की हे नाव एका फुलाचे आहे, आणि त्या फुलाचे सगळे गोत अमेरिकेच्या माळरानांवर, खडकाळ गवताळ जागांवर वाढते. ग्रीक भाषेत ‘एखिनोस’ म्हणजे अंगभर काटे असलेला छोटा प्राणी. आपल्या साळिंदराची आठवण करून देणारा. या फुलाचा मधला गोंडा तसाच काटेरी, म्हणून एकिनेशिया.

तिथल्या आदिवासी जमाती या कुळातल्या मुळ्या सर्पदंशापासून दातदुखीपर्यंत कशावरही वापरत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नेब्रास्कातल्या मेयर नावाच्या एका जर्मन वैदूने त्यांचे ‘रक्तशुद्धी’चे औषध काढले आणि सिनसिनाटीच्या औषधतज्ज्ञ जॉन उरी लॉइड यांना कळवले, की माझ्यावर विश्वास नसेल तर तुमच्यासमोर रॅटलस्नेककडून स्वतःला चाववून घेतो, मग औषध घेऊन दाखवतो! लॉइडनी हा प्रयोग करू दिला नाही. पण औषध चालले, लॉइड यांच्या कारखान्यातून ते गावोगाव गेले आणि पुढे होमिओपॅथीच्या पेटीतून आपल्यापर्यंत पोचले.

असो. मला आज लिहायचे आहे ते या औषधी फुलाविषयी नाही, त्याच्या एका गरीब भावंडाविषयी. ‘एकिनेशिया टेनेसिएन्सिस’, म्हणजे टेनेसी कोनफ्लॉवर. याला औषधी दुनियेत नाव नाही. उंची गुडघ्याएवढी, फार तर थोडी वर. पाने अरुंद आणि लवदार. फूल गुलाबी-जांभळे. सूर्यफुलाच्या कुळातले असल्यामुळे आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती खरे तर कडेची स्वतंत्र फुलेच. पण बोलताना पाकळ्याच म्हणूया. बागांतून दिसणाऱ्या जांभळ्या कोनफ्लॉवरच्या पाकळ्या दमल्यासारख्या खाली लोंबतात. या टेनेसीकराच्या मात्र आडव्या पसरून टोकाला किंचित वर वळतात, ओंजळ पुढे केल्यासारख्या. एवढ्या एका खुणेवरून त्याला ओळखता येते. बहुवर्षायू आहे, सोटमूळ खडकाच्या फटीत खोल जाते, आणि जूनपासून पुढे, बाकीची हिरवाई उन्हाने करपत असते तेव्हा, हे फुलत राहते.

सगळ्या जगात नैसर्गिकरीत्या ते फक्त टेनेसी राज्यातल्या तीन काउंट्यांत आढळते: डेव्हिडसन, रदरफर्ड आणि विल्सन. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. तीन तालुक्यांचे फूल, तेही सलग नाही, ठिपक्याठिपक्यांनी. डेव्हिडसन काउंटी म्हणजे नॅशव्हिल शहर. गाण्यांसाठी प्रसिद्ध, आणि गेली कित्येक दशके झपाट्याने पसरत चाललेले.

हे फूल जिथे उगवते ती जमीन गोमंतकीय वाचकाला समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. आपल्याकडे सडा आहे, त्यांच्याकडे ‘सीडर ग्लेड’. आपला खडक जांभा, त्यांचा चुनखडीचा, साधारण पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात थराथराने साठलेला. त्या फरशीवर माती कुठे अजिबात नाही, कुठे दोन बोटे, कुठे वीतभर. हिवाळ्यात आणि वसंतात पाणी साचते, चिखल होतो, बारीकसारीक फुलांचा गालिचा पसरतो. उन्हाळा आला की तोच खडक तव्यासारखा तापतो. आपल्या सड्यावर पावसाळ्यात जे घडते, सीतेची आसवे, कवला, नाना तऱ्हेची इवली फुले चार महिन्यांत उगवून, फुलून, नाहीशी होतात, तेच तिथे थोड्या वेगळ्या ऋतूत घडते. झाडे या फरशीवर मूळ धरू शकत नाहीत. ती कडेने उभी असतात, मुख्यतः तिथले ‘लाल सीडर’.

या लाल सीडरची एक गंमत आहे. ते सीडर नव्हेच, जुनिपर आहे. पण पहिल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांना ते बायबलातल्या लेबनॉनच्या सीडरसारखे वाटले, आणि विल्सन काउंटीच्या मुख्य गावाचे नाव पडले लेबनॉन. याच झाडांची कुंपणे शेतांना घातली जात आणि याच लाकडाच्या पेन्सिली होत. पेन्सिलीच्या लाकडाचा तुटवडा पडला तेव्हा कारखान्यांच्या दलालांनी शेतकऱ्यांची जुनी कुंपणेसुद्धा विकत घेतली. म्हणजे त्या भागात झाडाला भाव होता, कुंपणालाही भाव होता. खडकाला नव्हता. नांगर चालत नाही, घर बांधायला पाया खणता येत नाही, गुरे पोटभर चरत नाहीत. मग अशा जागेचे काय करतात? कचरा टाकतात. जुने टायर, मोडक्या गाड्या, फुटके शीतकपाट. ग्लेडविषयी लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासकाने या उकिरड्यांचा उल्लेख केला आहे. ‘पडीक’ हा शब्द सरकारी कागदावर एकदा चिकटला की जमिनीचे काय होते, हे आपल्याला ताळगावच्या, वेर्ण्याच्या आणि मोपाच्या सड्यांनी दाखवले आहेच.

या मुलखात एक मोठी लढाईही झाली. ३१ डिसेंबर १८६२ ते २ जानेवारी १८६३ या काळात मर्फ्रीसबरो गावाजवळ, स्टोन्स नदीच्या काठी, अमेरिकन यादवीतल्या दोन्ही फौजा याच सीडरच्या झाडीत आणि चुनखडीच्या कपारींत एकमेकांना भिडल्या. दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांच्या वर माणसे मेली, जखमी झाली किंवा हरवली. त्यांच्यापैकी कोणाच्या पायाखाली आपले फूल होते का, हे कोण सांगणार! जानेवारीत ते जमिनीलगत पानांच्या झुबक्याएवढेच असते.

आता माणसे. या फुलाच्या इतिहासातला पहिला माणूस जर्मन आहे: ऑगस्टिन गाटिंगर. जन्म १८२५, म्युनिक. वैद्यकाचा विद्यार्थी असताना राजकीय चळवळीत पडला, विद्यापीठाने दूर केले, आणि १८४९ मध्ये, युरोपातल्या क्रांत्या फसल्यावर हजारो तरुण अमेरिकेला निघाले त्यांत तोही निघाला. टेनेसीच्या डोंगराळ पूर्व भागात त्याने डॉक्टरकी केली, काही काळ डकटाउनच्या तांब्याच्या खाणींवर. डकटाउन हे नाव खाणींवर पोसलेल्या आणि खाणींनी पोखरलेल्या आपल्या गोव्यात माहीत असायला हवे. तिथे खनिज भाजण्यासाठी आसपासचे जंगल तोडले आणि गंधकाच्या धुराने उरलेसुरले मारले. मैलोन्‌मैल लाल उघडी जमीन राहिली आणि शेजारच्या जॉर्जिया राज्याला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. तो निकाल १९०७ चा. गाटिंगर तोवर केव्हाच तिथून निघाला होता. यादवीत त्याचा कल उत्तरेकडे, राहणे दक्षिणेत. १८६४ मध्ये तो नॅशव्हिलला आला आणि काही वर्षे राज्याचा ग्रंथपाल झाला. डॉक्टरकी पोटासाठी, ग्रंथपाली गरजेपुरती, आणि खरा जीव वनस्पतींत. घोड्यावरून, रेल्वेने, पायी हिंडून त्याने टेनेसीची वनस्पतिसृष्टी गोळा केली. त्याचे ‘टेनेसी फ्लोरा’ १८८७ मध्ये आले, आणि मोठे पुस्तक १९०१ मध्ये. १९०३ मध्ये तो वारला.

या गाटिंगरने १८७८ मध्ये रदरफर्ड काउंटीतल्या ला व्हर्न गावाजवळ आपले फूल खुडले, दाबून वाळवले, कागदावर चिकटवले. पण नाव घातले ‘एकिनेशिया अँगुस्टिफोलिया’. म्हणजे माळरानावरची ती औषधी जात. चूक समजण्यासारखी आहे. दोन्हीची पाने अरुंद. पण या चुकीने फूल कागदोपत्री लपले. ज्याला स्वतःचे नाव नाही त्याचा शोध कोण घेणार?

नाव मिळाले १८९८ मध्ये, आणि तेही शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात. अॅशव्हिलजवळ जॉर्ज व्हँडरबिल्ट या गर्भश्रीमंताने बिल्टमोर नावाचा राजवाडाच बांधला होता. त्याच्या बागेची आणि रोपवाटिकेची व्यवस्था चॉन्सी बीडल पाहत असे. पदरी बाग, रोपवाटिका आणि वाळलेल्या वनस्पतींचा उत्तम संग्रह. बीडलने ओळखले की टेनेसीतले हे फूल वेगळे आहे. त्याने त्याला ‘ब्राउनेरिया टेनेसिएन्सिस’ म्हटले. ब्राउनेरिया हे एकिनेशियाचेच दुसरे नाव. पुढे मागे पडले. १९३३ मध्ये जॉन स्मॉलच्या ग्रंथात ते ‘एकिनेशिया टेनेसिएन्सिस’ झाले.

आणि इथून पुढे कागदपत्रांचे नशीब पाहा. १९१६ च्या जुलैत अॅशव्हिलला महापूर आला. बिल्टमोरची रोपवाटिका वाहून गेली, वनस्पतिसंग्रहाचा बहुतेक भाग पाण्यात गेला, उरलेला वॉशिंग्टनला पाठवावा लागला. गाटिंगरने आपला संग्रह टेनेसी विद्यापीठाला दिला होता. तिथे १९३४ मध्ये आग लागली आणि तो जळाला. एका संग्रहाला पाण्याने नेले, दुसऱ्याला आगीने. जुवाँव, जमिनीचे दाखले, देवळांची कागदपत्रे असली की आपण म्हणतो, कागद गेला तरी जमीन जागच्या जागी असते. फुलाच्या बाबतीत ते अर्धेच खरे. जागा कुठली, हे सांगणारा कागद गेला की फूल जागच्या जागी असूनही हरवते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे फूल बहुधा नामशेष झाले, असे वनस्पतिशास्त्रज्ञांत धरून चालू लागले होते.

माझ्या मते ते कधीच कुठे गेले नव्हते. कुंपणापलीकडच्या माळावर गुरे नेणाऱ्या पोरांनी ते दरवर्षी पाहिले असणार. पण ते पाहणे कुठल्या ग्रंथात नोंदले जात नाही.

आता दुसरे माणूस, आणि या गोष्टीतले मला सर्वांत आवडलेले. एल्सी क्वार्टरमन. जन्म १९१०, जॉर्जियातल्या व्हाल्डोस्टाचा. ड्यूक विद्यापीठातून १९४९ मध्ये डॉक्टरेट, आणि आयुष्यभराची नोकरी नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात. हो, तेच व्हँडरबिल्ट घराणे. विद्यापीठाला देणगी बिल्टमोरवाल्याच्या आजोबांची! ज्या काळात ग्लेड म्हणजे उकिरडा, त्या काळात या बाईंनी ग्लेडवर प्रबंध लिहिला. कुठे किती माती, तिथे कुठल्या वनस्पतींचा समूह, हे त्यांनी इंचाइंचाने मोजले. त्यांचा लेख १९५० मध्ये ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात आला आणि आजही ग्लेडवर काम करणारा तिथूनच सुरुवात करतो. १९६४ मध्ये त्या व्हँडरबिल्टमध्ये विभागप्रमुख झाल्या. तिथे हा मान मिळवणारी पहिली स्त्री.

वीस वर्षे ग्लेड पायाखाली घालणाऱ्या त्यांच्यासारख्या बाईंनाही हे फूल १९६८ पर्यंत गवसले नव्हते. त्या वर्षी ते पुन्हा सापडले. क्वार्टरमन आणि त्यांचे विद्यार्थी थॉमस हेमर्ली यांनी पुनर्शोधाची ती नोंद १९७१ मध्ये ‘रोडोरा’ या नियतकालिकात छापली. लेख जेमतेम दोन पानांचा आहे. मोठ्या बातम्या कधीकधी अशाच छोट्या जागेत मावतात.

१९६८ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे. त्याच वर्षी २९ जूनला स्टोन्स नदीवरच्या जे. पर्सी प्रीस्ट धरणाचे लोकार्पण राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या हस्ते झाले. धरणाच्या जलाशयाखाली नदीकाठचे ग्लेड गेले, आणि काठावरच्या जमिनीला एकाएकी भाव आला, कारण तलावाकाठी घर कोणाला नको असते? ज्या जमिनीवर कोणी थुंकत नव्हते तिचे भूखंड पडू लागले. पुढे १९८३ मध्ये ला व्हर्नच्या शेजारी स्मर्नाला निस्सान कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. शहर फुलाच्या दिशेने चालत आले. नव्याने सापडलेल्या जागांपैकी एक तर घरांची वसाहत उभी राहताना गेलीच. शोध लागला, आणि नोंदीची शाई वाळते न वाळते तोच जागा गेली!

हेमर्लीने या फुलावरच डॉक्टरेट केली. त्याला आढळले की बियाणे जड असते, दुधाळीसारखे वाऱ्यावर उडून जाण्याची सोय त्याला नाही. आईच्या पायाशीच पडते. तीन तालुक्यांतच का, याचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे क्वार्टरमनबाईंच्या दुसऱ्या दोन विद्यार्थ्यांनी शोधले. जेरी आणि कॅरोल बास्किन, पती-पत्नी, पुढे केंटकी विद्यापीठात गेले आणि बियांच्या अभ्यासात जगन्मान्य झाले. लोकांना वाटत असे की ग्लेडच्या फुलांना खडक आवडतो, चुना आवडतो, उपासमार आवडते. बास्किनांनी कुंडीत लावून पाहिले. चांगली खोल माती दिली तर ही फुले अधिक जोमाने वाढतात! मग ती खडकावर का? कारण चांगल्या मातीत गवत आणि झुडपे त्यांच्यावर सावली धरतात, आणि सावली यांना सोसत नाही. म्हणजे खडक ही त्यांची आवड नव्हे, आसरा. जिथे बलिष्ठांना पाय रोवता येत नाही तिथे यांनी घर केले. डोंगरकपारीत वस्ती केलेल्या माणसांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. पण उपमा फार ताणू नये. फुलाला पर्याय नव्हता, माणसाला कधीकधी असतो.

याचा एक व्यावहारिक अर्थ निघाला. नुसते कुंपण घालून भागत नाही. कडेचा जुनिपर पुढे सरकत राहतो, सावली वाढते आणि फूल मरते. म्हणून राखीव ग्लेडमध्ये झाडे तोडावी लागतात, कुठे कुठे बेताने आग लावावी लागते. निसर्ग राखायचा म्हणजे हात लावायचा नाही, असे मानणाऱ्यांना हे पचायला जड जाते.

अमेरिकेचा संकटग्रस्त प्रजातींचा कायदा २८ डिसेंबर १९७३ चा. प्राण्यांसाठी जसा तसा वनस्पतींसाठीही. पण गरुडासाठी रडणारे जितके मिळतात तितके दोन फुटी फुलासाठी मिळत नाहीत. वनस्पतींना यादीत शिरायला वेळ लागला. जून १९७९ मध्ये टेनेसी कोनफ्लॉवर यादीत आले, अगदी सुरुवातीच्या वनस्पतींत. १९८३ मध्ये योजना झाली, १९८९ मध्ये ती सुधारली. लक्ष्य स्पष्ट होते: स्वतःच्या बळावर टिकणारे आणि सुरक्षित असे निदान पाच समूह, आणि प्रत्येकात किमान तीन वसाहती.

हा कायदा खासगी जमिनीवरच्या फुलाला फारसे संरक्षण देत नाही, हे सांगायला हवे. कोणाच्या जमिनीवर दुर्मीळ पक्षी असेल तर मालकाचे हात बांधले जातात; दुर्मीळ फूल असेल तर साधारणपणे नाही. त्यामुळे उपाय एकच उरला, जमीन विकत घेणे. राज्य सरकारने आणि ‘नेचर कन्झर्व्हन्सी’ या संस्थेने तेच केले. काउचव्हिल, व्हेस्टा अशा ग्लेडना राज्याचे नैसर्गिक क्षेत्र म्हणून दर्जा मिळाला. बिया गोळा करून, रोपे वाढवून नव्या वसाहती लावल्या. कोणी नायक नाही, कोणी आंदोलन नाही. तीस वर्षे दरसाल मोजणी, खुरपणी, तोडणी आणि जमिनीचे व्यवहार. इतिहासाच्या पुस्तकात असल्या गोष्टींना जागा मिळत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

ऑगस्ट २०११ मध्ये सरकारने जाहीर केले की या फुलाला आता यादीची गरज नाही, आणि सप्टेंबरपासून ते यादीतून निघाले. यादीतून बाहेर पडण्याचे दोन दरवाजे असतात: एक नामशेष झाल्याचा, दुसरा सावरल्याचा. दुसऱ्या दरवाजाने गेलेल्या वनस्पती तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. क्वार्टरमनबाई तेव्हा शंभरीत होत्या. ते पाहूनच त्या गेल्या, जून २०१४ मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी. रदरफर्ड काउंटीत, पर्सी प्रीस्टच्या जलाशयाजवळच, एका राखीव ग्लेडला त्यांचे नाव आहे.

विद्वानांचे वाद मात्र मिटलेले नाहीत. २००२ मध्ये काही संशोधकांनी एकिनेशियाच्या कुळाची फेरमांडणी केली आणि म्हटले, ही स्वतंत्र जात नव्हेच, ‘पॅलिडा’ या जातीचा एक प्रकार आहे. अमेरिकेच्या वनस्पतिकोशाने ते मानले नाही. गाटिंगरच्या वेळचा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा दारात! दरम्यान रोपवाटिकांनी टेनेसी कोनफ्लॉवरचे दुसऱ्या जातींशी संकर करून ‘रॉकी टॉप’ नावाने रोपे बाजारात आणली. ग्लेडच्या शेजारच्या घरांच्या बागांत बागायती जांभळे कोनफ्लॉवर लावले तर मधमाश्या कुंपण पाळत नाहीत, आणि परागाबरोबर रक्तही मिसळते, ही भीती रास्त आहे. उकिरड्याने जे केले नाही ते कौतुक करील की काय, अशी.

२०१२ मध्ये टेनेसीच्या विधिमंडळाने या फुलाला राज्याचे रानफूल म्हणून मान दिला. त्याआधी १९७३ पासून तो मान पॅशनफ्लॉवरचा, म्हणजे आपल्याकडे कृष्णकमळाच्या वेली आहेत त्यांच्या कुळातल्या एका वेलीचा. तो तिच्याकडून काढून घेतला नाही, दोघांत वाटून दिला. नॅशव्हिलहून मर्फ्रीसबरोकडे जाताना काउचव्हिलचा ग्लेड फार दूर नाही, लाँग हंटर उद्यानाला लागूनच आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले-नातवंडे हल्ली त्या बाजूला असतात. जूनमध्ये जाणे झाले तर वाट सोडून चालू नये. पानांचे झुबके खडकाच्या रंगातच मिसळलेले असतात.